म्हणे, तिथं कधी कुणी राहतच नव्हतं

आम्ही गाव सोडलं तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घराची कौलं होती, दारांच्या चौकटी होत्या, डालग्यात कोंबड्या होत्या आणि कौलांवर मी बसले होते. आई ट्रॉलीत बसायला तयार नव्हती. गुरं एकटी कशी चालतील म्हणून ती त्यांच्याबरोबर मागून चालत होती. धरणाचं पाणी खालच्या शेतांत शिरलं होतं आणि सगळे बाबांसाठी खोळंबले होते, कारण बाबा टेकडीवर वाघोबाच्या पाया पडायला गेले होते. खाली आले ते रडूनच आले असणार, पण तसं दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "देव हलवायचा नसतो. आपण हललो तरी त्याला जाग्यावरच ऱ्हाऊ द्यायचा."

पुनर्वसन वसाहतीतल्या सगळ्यांनो, आणि तिथून पुढे भिवंडीच्या गोदामांपासून दुबईपर्यंत पांगलेल्या आपल्या माणसांनो, हे तुम्हाला लिहितेय. खुशाली आधी सांगते, कारण मुद्द्यावर आले की मला दुसरं काही सुचणार नाही. मी आसनगावलाच आहे, तिसऱ्या मजल्यावर. ठाण्याच्या लॅबमध्ये आता सॅम्पल कलेक्शनची इनचार्ज झालेय. पोरगी हॉस्टेलला गेली. घर रिकामं वाटायला लागलं म्हणून आईला वसाहतीतून इकडे आणलं. तिला लिफ्ट आवडत नाही, शेजारी दार लावून घेतात ते आवडत नाही आणि आमच्या नळाचं पाणी तर मुळीच आवडत नाही. बाकी मजेत आहे.

तर लॅबच्या लोकांनी वीकेंडची टूर काढली. सह्याद्रीतलं शेवटचं निर्मनुष्य बेट! टेंटमध्ये राहायचं, कयाक चालवायची, लोकेशन सीक्रेट. फॅमिली चालेल म्हणाले. ह्यांची ड्युटी होती, म्हणून मी आईला म्हटलं, चल, तेवढीच हवा बदलेल. आईला वाटलं कुठंतरी समुद्र असेल. तिनं नवी साडी काढली.

बस मुरबाड सोडून निघाली तेव्हा मी गाण्याच्या भेंड्यांत होते. टोकावड्याच्या अलीकडे ती आत वळली आणि आईनं माझं मनगट धरलं. "गो, ही वाट कुठं चालली?" मी खिडकीबाहेर पाहिलं. वाट ओळखायला मला वेळ लागला, कारण आता तिथं डांबर आहे, कमान आहे, कमानीवर तंबूचं चित्र आहे. पण पुढे पाणी दिसलं आणि पाण्याच्या मधोमध आपली टेकडी दिसली. तेच त्यांचं बेट. आई खुशीत आली. पाण्यातल्या माशांवर पहारा ठेवणारे राखणदार आपल्या होड्यांना हाकलायला लागले तेव्हापासून दिवाळीतल्या वाघबारशीलाही तिकडे कुणी गेलं नव्हतं. तिला वाटलं, पोरीनं मुद्दाम आणलं.

आता आठवा. आपण वाघोबाची खीर घेऊन निघायचो तर काठावरूनच ओरडा व्हायचा, पाण्यात उतरू नका, बंदी आहे. आपल्या ट्यूबच्या तराफ्यालाही बंदी! आणि ह्या रिसॉर्टवाल्यांच्या मोटारबोटीला झेंडा, पायऱ्या, फुलांचा हार. आईच्या साडीवर केशरी जाकीट चढवलं आणि बोट चालवायला आला कोण, तर सोमा. आपल्या खालच्या वाडीतला सोमा, आपल्या बांधांवर मजुरी करणाऱ्या धाकलूचा मुलगा. केस पिकलेत त्याचे. आईनं हाक मारली, "सोमा, तू रे?" त्यानं मान हलवली आणि मालकाच्या मॅनेजरकडे पाहिलं. मग पाण्याच्या मधोमध, जिथं खाली आपली खळी असतील, तिथं बोट थांबवून त्यानं घोकलेलं म्हणून दाखवलं: "ये आयलंड पे कभी कोई रहा नहीं. एकदम व्हर्जिन."

"आं?" आई म्हणाली. "कोन नाय ऱ्हायला? मंग मी काय आभाळातून पडले?"

सगळे हसले. माझ्या बाजूची रिया, चांगली पोरगी आहे, ती म्हणाली, "काकू किती क्यूट आहेत!" क्यूट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण अजून मी जीभ आवरून होते. चारचौघांची टूर, आपल्यामुळे कशाला बिघडवायची, असं मला आपलं वाटत होतं. आपल्याकडचा हा जुना रोगच आहे. आपलं घर बुडेल, पण दुसऱ्याचा मूड जाता कामा नये!

बेटावर उतरल्या उतरल्या आई तरातरा वर निघाली. वाघोबाचं स्थान तिला डोळे मिटून सापडलं असतं. मी मागे धावले. ऐनाच्या झाडाखाली दगडांचा चौथरा तसाच होता, पण त्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत लावलेली. वाघोबा नव्हता. आई खुर्च्यांमागे पाहायला लागली. झाडामागे पाहिलं, गवतात पाहिलं. "कुजला असंल," मी म्हटलं. "सागवान हाय गो," ती म्हणाली, "कुजंल कसा?"

तो सापडला खाली, जिथं रात्री शेकोटी पेटवतात तिथं. आपला सागाचा फळा, कमरेएवढा, वर सूर्य-चंद्र, मधे वाघ. शेंदूर खरवडून काढला होता आणि वर चकचकीत पॉलिश मारलं होतं. लाईटच्या माळा गुंडाळल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपमधली एक मुलगी त्याला पाठ टेकवून बसली होती आणि तिचे फोटो चालले होते. बाजूला पाटी होती, ट्रायबल आर्ट कॉर्नर.

ज्या देवाला हलवायचं नाही म्हणून आपण त्याच्याविना निघून गेलो, ज्याच्यावाचून वसाहतीत एकही दिवाळी आपल्याला दिवाळीसारखी वाटली नाही, त्याला ह्यांनी फोटोसाठी हलवला होता.

आई रागावली नाही, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ती त्या मुलीजवळ गेली आणि हळू म्हणाली, "उठ गो बाय. त्याला पाठ नको दावू." वाघोबाकडे पाठ करत नाहीत, निघतानाही उलट्या पावलांनी निघतात, हे त्या मुलीला कुठून माहीत असणार? ती बिचारी सॉरी म्हणून उठली. मग आई माळा सोडायला लागली. गाठ सुटेना.

मॅनेजर धावत आला. "आजी, आजी, करंट लागेल! तो डेकोर आहे."

"त्यो आमचा देव हाय," आई म्हणाली.

"असेल, पण प्रॉपर्टी रिसॉर्टची आहे ना. आमच्याकडे सगळे पेपर्स आहेत. रेकॉर्डला ही टेकडी पूर्ण रिकामी आहे, मॅडम," हे शेवटचं मला उद्देशून. शिकलेली दिसते, समजून घेईल, असा त्याचा हिशोब.

रिकामी का, ते तुम्हाला माहीत आहे. मोजणीवाला आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, टेकडी कोणाची? आपली सगळी म्हातारी माणसं एका सुरात म्हणाली, देवाची. कोणाच्या नावावर लावू? तर सगळे कानांवर हात ठेवून हसले. देवाची जागा कोणी आपल्या नावावर लावतं का? लावणाऱ्याचं वाटोळं होईल! बाबा तर हे किती अभिमानानं सांगायचे. मग त्या माणसानं काहीच लिहिलं नाही. आपण देवाला इतके भ्यायलो की त्याची जागा मोकळी सोडून आलो, आणि आयत्या बिळावर हे नागोबा येऊन बसले.

मग मी ओरडले. लॅबमध्ये मला कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नाही, त्यामुळे सगळी टूर जमली. मी म्हटलं, "इथं कधी कुणी राहिलं नाही ना? मग हा वाघ कोरला कोणी, बगळ्यांनी? त्या चौथऱ्याचे दगड काय माशांनी वर आणले? तुमच्या बोटीखाली आमची घरं आहेत! पेपर्स दाखवता? आधी माझ्या आईकडे बघून सांगा, ती इथं राहत नव्हती म्हणून!"

रियानं फोन खाली घेतला, तिचं तोंड उतरलं होतं. आमचे सर मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, कशाला सीन करताय, वीकेंड आहे." सीन! आमच्या तोंडाला पानं पुसून एकेक प्लॉट हातावर ठेवला तेव्हाही पुनर्वसनाचे साहेब असंच हळू बोलत होते.

आईचं कुणाकडे लक्षच नव्हतं. ती सोमाकडे पाहत होती. "सोमा, ह्याला वरून खाली कुनी आनला?"

"मीच आनला, काकी."

"हात कसा लावलास रे? लाज नाय वाटली?"

सोमा इतका वेळ खाली पाहत होता. आता त्यानं वर पाहिलं. "तुमाला प्लॉट मिळालं, काकी. आमच्या वाडीत सातबारा कुनाचाच नव्हता, म्हनून आमाला काय मिळालं नाय. पानी चढलं तसं आमी वर सरकलो, काठावरच ऱ्हायलो. तुमी देव ठेवून गेलात, तसं आमाला पन ठेवून गेलात. एकानं तरी मागं वळून इचारलं? मालक बोल म्हनतो तसा बोलतो, उचल म्हनला तर उचलतो."

त्या ट्रॉलीत बसून मी खालच्या वाडीकडे पाहिलंच असेल की. तिथं चुली पेटलेल्या होत्या, कारण त्यांना निघा असं कुणी सांगितलंच नव्हतं. आपण सगळ्या जगाला सांगत फिरतो की आमच्यावर अन्याय झाला. झालाच. पण आपल्या रडगाण्यात सोमाच्या वाडीचं नाव कधी आलं? माझा राग तिथं दुप्पट झाला आणि त्यातला अर्धा तुमच्यावर आहे, हे स्पष्टच सांगते.

आई मात्र म्हणाली, "खरं हाय तुजं. आमचं चुकलं." आणि वाघोबावर हात ठेवून म्हणाली, "पन ह्यानं तुजं काय वाकडं केलं?"

सोमा पुढे झाला आणि त्यानं एका झटक्यात माळा तोडून टाकल्या. मॅनेजर ओरडत होता, सोमा, सोड, नोकरी जाईल. त्यानं वरची बाजू धरली, मी खालची. जड होता हो, माझा खांदा अजून दुखतो. वर नेऊन, खुर्च्या फेकून, चौथऱ्यावर उभा केला. आईनं पदराच्या टोकाला बांधलेली कुंकवाची पुडी काढली, शेंदूर नव्हता म्हणून तेच लावलं. सोमा तिच्या शेजारी बसला आणि पाया पडला. आम्ही तिघं उलट्या पावलांनी खाली आलो. त्या संध्याकाळी टूरच्या निम्म्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाळलं आणि माझं काही अडलं नाही.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. फोटो पाठवला असता, तुम्ही हात जोडल्याची चित्रं पाठवली असती. पण पुढच्याच आठवड्यात सोमाचा फोन आला. त्याला कामावरून काढलं. वाघोबाला खाली न्यायला सांगितलं होतं, तो नाही म्हणाला. मग दुसरी माणसं आणली. आणि आता वाघोबाला शेकोटीजवळ सिमेंटमध्ये रोवलाय.

मी वसाहतीत फोन केले. काय काय ऐकलं! जाऊ दे गो, लाकूडच ते. त्यांच्याशी कोण भांडणार. आपण वसाहतीत मार्बलचा वाघ बसवू, देऊळ बांधू, स्लॅबचं. अहो, मार्बलचा बसवा नाहीतर सोन्याचा बसवा, तो आपल्याला ओळखणार आहे का? आणि उद्या वसाहतीवरून रस्ता गेला की त्यालाही म्हणणार, जाऊ दे? देवाची जागा नावावर लावायची नसते हे बाबांचं बोलणं मला फार मोठं वाटायचं. आता वाटत नाही. आता नाव लागलंच पाहिजे, आणि आपल्या एकट्याचं नको, खालच्या वाडीचं आपल्या आधी लागलं पाहिजे.

मला इथं सोसायटीत विचारतात, तुमचं गाव कोणतं? आजवर मी मुरबाडजवळ, असं गोलमोल सांगत आले, कारण पाण्याखालचं नाव सांगून काय उपयोग. आता सांगते, टेकडी वर आहे अजून. ह्या फ्लॅटचं दार मी रोज मागे ओढून निघते, त्यात माझं काही तुटत नाही. तिकडे मात्र परक्या माणसानं मला पेपर्सची भाषा ऐकवली आणि माझं डोकं फिरलं. ज्या जागेसाठी डोकं फिरतं ती आपली, बाकी सगळी राहायची सोय. मला घराचा अर्थ एवढाच कळलाय.

वाघबारशीला आम्ही जातोय. बुकिंग करणार नाही, बोटीचं विचारणार नाही. सोमाची वाडी तराफे बांधतेय, पुढे ती माणसं असतील आणि मागे आपण. दूध आणि तांदूळ मी आणते. राखणदार आले तर त्यांनाही खीर देऊ, आणि मॅनेजर आला तर त्यालाही, पण वाघोबा वर गेल्यावर. आईनं काल वसाहतीत शेजारणीला फोन करून आपल्या पडवीत ठेवलेली पहार काढून ठेवायला सांगितलीय, सिमेंट फोडायला.

आई पहार आणतेय. तुम्ही काय आणताय ते सांगा.