अक्कांचा न मोजलेला हात

आमच्या गावच्या सरपंच अक्कांवर अन्याय झाला तो गेल्या श्रावणात, दुसऱ्या मंगळवारी, दुपारी पावणेबारा वाजता. वेळ मला पक्की ठाऊक आहे. मी सभागृहात मागच्या रांगेत बसले होते आणि समोरच भिंतीवर घड्याळ होतं. अक्कांनी हात वर केला. हात मोजणारा कारकून त्यांच्या खुर्चीपाशी आला, त्यानं हातातला कागद बघितला आणि तो पुढं गेला.

बैठक होती शहर आणि शहराला चिकटलेली सात गावं यांच्या संयुक्त नियोजन समितीची. रस्ता कुठून न्यायचा, घरं कुठं बांधू द्यायची, कचरा कुठं टाकायचा, हे मिळून ठरवायचं आणि खर्चही मिळून करायचा, असा तिचा कारभार. त्या दिवशी सगळ्यांच्या कचऱ्याचा डेपो आमच्या गायरानावर करायचा का, यावर मतदान होतं. गावात ज्यांना गुंठाभर शेत नाही, त्या बायकांच्या म्हशी त्या गायरानात चरतात. अक्कांच्या दोन म्हशी त्यातल्याच.

अक्कांनी हात खाली घेतला नाही. "मोजा की."

"ताई, तुमचं गाव निमंत्रित आहे," समितीचे अधिकारी म्हणाले. "निमंत्रितांनी बोलायचं. मत नसतं."

"मग आयका. आमचा विरोध हाय."

"नोंद घेतली."

"घेतलीसा न्हवं? मग मोजा."

सभागृह हसलं. एक मत जास्त पडून डेपोचा ठराव पुढं सरकला, अंतिम मंजुरी पुढच्या बैठकीत. तेवढ्यात शिपायानं अक्कांसमोर कप ठेवला. त्या म्हणाल्या, "चहाला मत लागत न्हाय वाटतं." आणि चहा न घेता उठल्या.

येताना स्कूटर मी चालवत होते, अक्का मागं. कसबा बावड्यापाशी त्यांनी थांबायला लावलं आणि बैठकीत मिळालेले नियमांचे कागद माझ्या हातात दिले. "वाच. निमंत्रित म्हंजे काय, कुठं लिवलंय बघ."

तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: वर्गणीत सवलत घेतलेलं गाव निमंत्रित राहील.

ती ओळ मी पुन्हा वाचली. कारण ती सवलत मी मिळवली होती.

आदल्या वर्षी समितीनं सगळ्या गावांना सारखी वर्गणी लावली होती. आमचं गाव सातांत सगळ्यात लहान. शहरालगत बंगले उठलेली गावं जेवढं देणार तेवढंच आम्हीही द्यायचं? मी पत्रक लिहिलं, गुलाबी कागदावर छापलं, डेअरीत, देवळात, दळपाच्या गिरणीत वाटलं. "निम्मी करा, नाहीतर खुर्ची सोडा!" महिन्याभरात सवलतीचं पत्र आलं. पोरांनी फटाके उडवले, मला गुलाल लावला. पत्राचं पहिलं पान मी चौकात वाचून दाखवलं. पुढच्या दोन पानांत हीच अट होती, ती मी उलटलीच नाहीत.

हे सगळं अक्कांना मी तिथंच रस्त्याच्या कडेला सांगितलं. लपवून काय करणार?

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "पत्रकं काढतीस आणि पानं उलटत न्हाईस व्हय गं?"

"चुकलं, अक्का."

"चुकलं ते चुकलं. आता गाडी चालू कर. दुधाच्या येळंआधी घर गाठाय पायजे."

संध्याकाळी डेअरीपुढं रांग होती. अक्का किटली घेऊन उभ्या राहिल्या आणि रांगेतच बोलायला लागल्या. "मी दोन म्हशीवाली. हे आमचं भाऊजी वीस म्हशीवालं. डेअरीच्या सभेत ह्येनी किती हात वर करत्यात?"

"एकच की," भाऊजी म्हणाले. "दुसऱ्या हातात तंबाखू असती."

"आणि मी?"

"तू बी एकच. पर तुझा लई उंच असतोय."

रांग हसली, पण मुद्दा सगळ्यांच्या डोक्यात बसला. दूध कितीही घाला, सभासदाला मत एक. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे कळतं. समितीला मात्र कळत नव्हतं.

मी दुसरं पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत माझी चूक, मग तिसऱ्या पानावरची ती ओळ जशीच्या तशी. मग कळलं की आमचं गुलाबी पत्रक बघून आणखी तीन गावांनी सवलत मागून घेतली होती. एकानं तर आमचं पत्रक उतरवताना आमच्या गावाचं नाव बदलायचेही कष्ट घेतले नव्हते. म्हणजे सातांतली चार गावं बिनमताची, आणि ती माझ्या लेखणीनं. त्या तिन्ही गावांत मी आणि अक्का गेलो. चारही ग्रामसभांनी एकच ठराव केला: वर्गणी ऐपतीप्रमाणं, मत गावाला एक, आणि ज्या गावची जमीन त्या गावचं मत मोजल्याशिवाय निर्णय नाही.

पुढच्या बैठकीत शहराचे एक प्रतिनिधी तावातावानं उठले. "खर्चाचा मोठा वाटा आमचा, म्हणून मतंही आमची जास्त. मग सवलत घेणाऱ्यांना मत कसलं?"

खर्चाचं त्यांचं खरं होतं, ते मी आजही नाकारत नाही. अक्काही नाकारत नव्हत्या. "तुमची जादा मतं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, पावणं. आमचं एक आमाला द्या. कचरा आमच्या दारात येतोय, मग मत का येत न्हाय?"

यावेळी कोणी हसलं नाही. चार गावांचे ठराव नोंदीत घ्यावे लागले आणि मताचा नियम बदलेपर्यंत गायरानाचा विषय थांबवायचा, असं समितीनं ठरवलं. नियम अजून बदललेला नाही. बदलेल, आम्ही सोडणार नाही. म्हशी आजही तिथंच चरतात.

आता तुम्ही. तुमचं गावही शहराबरोबर असल्या कुठल्या तरी समितीत असेल, वर्गणी भरत असेल. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि त्या समितीचे नियम मागा. पहिलं पान वाचून कोणी कागद मिटायला लागलं तर मिटू देऊ नका. शेवटची ओळ मोठ्यानं वाचून होईपर्यंत खाली बसू नका.