शेजारच्या दीर्घिकेतला स्फोट आणि घाटकोपरचा अँटेना

सदाशिवमामांनी मला घाटकोपरला आणलं नसतं, तर मी आज तालुक्याच्या बाजारात तराजू धरून बसलो असतो. साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथ चालवणाऱ्या या माणसानं आपल्या एका खोलीत बहिणीच्या मुलाला जागा दिली, बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. आणि त्यांच्याशी मी जे वागलो, ते त्यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही. मित्रांना नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — थोडे आढेवेढे घेईन, सांभाळून घ्या.

चाळीत टीव्ही एकच, मामांचा. रविवारच्या सिनेमाला सगळी चाळ आमच्या खोलीत. अँटेना गच्चीवर. चित्र बिघडलं की वर एकानं तो फिरवायचा, खाली दुसऱ्यानं ओरडायचं — "आलं... आलं... अरे गेलं."

त्या रविवारी मी माझी एकुलती एक चांगली पँट धुतली होती. सोमवारी नाशिककडच्या एका शाळेच्या नोकरीची मुलाखत होती. गच्चीवरच्या दोऱ्या गोधड्यांनी भरलेल्या. मग मी ती पँट कुठे वाळत घातली असेल? पदार्थविज्ञानाचा पदवीधर — अँटेनावर.

सिनेमा रंगात आला तेव्हा मी ती आणायला वर गेलो. एक पाय दांडीत अडकला होता. मी हिसका दिला. पँट सुटली, अँटेना वाकला, आणि खालून अख्ख्या चाळीचा हाय असा आवाज आला.

पँट सदऱ्याखाली कोंबून खाली आलो. पडद्यावर नुसत्या मुंग्या. शेजारच्या कांताकाकू म्हणाल्या, "सदाभाऊ, नजर लागली तुमच्या टीव्हीला." मामांना हा शब्द सहन व्हायचा नाही. बुद्धविहारातल्या सभेत दर महिन्याला ते अंधश्रद्धेवर बोलत. ते म्हणाले, "नजरबिजर काही नसतं. आपल्या घरात शिकलेला माणूस आहे. सांग रे, कारण काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ओली पँट पोटाला चिकटली होती. तेव्हाच खरं सांगता आलं असतं — चार शिव्या, एक टपली, संपलं असतं. पण 'शिकलेला माणूस' ऐकल्यावर पँटचं नाव कसं घ्यायचं?

लायब्ररीत एक लेख वाचला होता. एकोणऐंशीच्या मार्चमध्ये शेजारच्या दीर्घिकेच्या दिशेनं गॅमा किरणांचा असा लोट आला की अंतराळयानांवरची मोजमापाची यंत्रं थक्क झाली. उगम बहुधा न्यूट्रॉन तारा — रुंदीला मुलुंड ते अंधेरीच्या दुप्पटही नाही, पण सूर्याहून जड, आणि भयंकर चुंबकत्वाचा. हे सगळं मी सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. फक्त शेवटी म्हणालो, "आजही तसंच काही झालं असणार."

"मग माझा रेडिओ कसा चालू?" कांताकाकूंनी विचारलं.

"त्याच्या लहरी वेगळ्या असतात, काकू. आणि आज रात्री कुणी अँटेनाला हात लावू नका."

पहाटे जाऊन मी तो सरळ केला. संध्याकाळी चित्र स्वच्छ. मामा म्हणाले, "स्फोट ओसरला बघ." त्याच पँटीत मला नोकरी मिळाली होती.

इथंच थांबलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण विहारातल्या पुढच्या सभेत मामांनी हाच विषय घेतला. "दीड लाख वर्षांपूर्वी निघालेला किरण रविवारी आपल्या चाळीत पोचला. लोक म्हणाले नजर. आपण म्हणालो विज्ञान." टाळ्या पडल्या. पाहुणे म्हणून मुलुंडच्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले होते. त्यांनी सौम्यपणे सांगितलं की गॅमा किरण वातावरणातच अडतात, टीव्हीपर्यंत पोचत नाहीत. मग विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामांनी अभिमानानं माझ्याकडे हात केला. "आमचा भाचा. बी.एस्सी. आहे."

मी उठलो. आणि म्हणालो — "मी फक्त लेखाबद्दल बोललो होतो, सर. मामांचा ऐकताना गैरसमज झाला असेल."

लोक हसले. मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तेही हसले. "हां, माझंच ऐकण्यात चुकलं असेल. आपण लेथवाले."

त्यानंतर ते सभेत बोलले नाहीत. टीव्ही बिघडला की कुणीतरी म्हणायचंच, "सदाभाऊ, तारा फुटला काय?" मी त्या खोलीतच बसलेला असायचो, मान खाली घालून जेवत. मग जूनमध्ये नाशिकला निघून गेलो. तिथून दिवाळीनंतर पत्र पाठवलं. मामांनी ते आजवर कुणाला दाखवलेलं नाही. ते असं होतं —

ती. मामांस,
जय भीम.
त्या रविवारी कुठलाही तारा फुटला नव्हता. मी अँटेनावर पँट वाळत घातली होती. काढताना तो वाकला. पहाटे मीच सरळ केला. सभेत तुम्ही बोललात तो शब्द न् शब्द मी तुम्हाला सांगितलेला होता. तुमचं ऐकण्यात काही चुकलं नव्हतं. प्राध्यापकांसमोर मी खोटं बोललो.
विहारात सगळ्यांसमोर वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.
तुमचा,
अशोक