ॲस्पिरिन आणि सोनाबाईचा काढा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, भाच्यांपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — कुठून सुरू करावं, तेही धड सुचत नाही.

माझी थोरली बहीण. मी तिला बाई म्हणायचो. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. औषधशास्त्र शिकायला मला नागपूरला पाठवायचा हट्टही तिचाच. लग्न होऊन ती नदीपलीकडच्या कारधा गावी गेली. सत्तरचं दशक संपता संपता मी नदीच्या या काठाला, भंडाऱ्यात, औषधाचं दुकान टाकलं. धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून तिचे गुडघे सुजायचे. मी तिला ॲस्पिरिन दिली.

नुसती दिली नाही — मिरवत दिली. सूज आणि दुखणं वाढवणारी द्रव्यं ही गोळी शरीराला बनवूच देत नाही, असं समजावलं. काही कळत नसलं तरी ती कौतुकानं ऐकायची. पण त्याच जातीची द्रव्यं पोटाच्या आतल्या अस्तराला जपतात; गोळी तीही बंद पाडते, मग अस्तराला जखम होते, रक्त वाहतं. हे मला परीक्षेला होतं. तिला सांगितलं का? एकदा ओझरतं म्हणालो, गोळी जेवून घेत जाय. ती कोरा चहा पिऊन शेतात जाते, हे मला ठाऊक होतं. तरी पुड्या देतच राहिलो.

एका दुपारी ती दुकानात आली. तोंड पांढरं पडलेलं.

"बापू, पोटात आग होऊन राहिली. अन् परसाकडं डांबरावानी होते. गोळीनं तं नसंल?"

मला कळलं. तिथल्या तिथं कळलं — याबद्दल मनात शंका ठेवू नका. पोटात वाहिलेलं रक्त असंच दिसतं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. पण डॉक्टर विचारणार, गोळ्या कोणी दिल्या? दुकान नवं होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर चालायचं. मी म्हणालो, "पालेभाजीनं होते, बाई." आणि जळजळीवरची एक गोळी तिच्या हातावर ठेवली.

ती हसली. "तू हायेस म्हणून बरं हाय," म्हणाली आणि पुलावरून चालत घरी गेली.

पोटाची आग थांबेना, म्हणून शेजारच्या सोनाबाईनं तिला ओव्याचा काढा करून दिला. दोघी रोवणीत नेहमी शेजारी शेजारी असायच्या. दुसऱ्या दिवशी बाईला रक्ताची उलटी झाली. बैलबंडीत घालून तिला भंडाऱ्यात दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याची काही गोळी घ्यायची का? भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. औषधाचं मलाच कळतं ना.

मी म्हणालो, "नाही. कुणाचा तरी गावठी काढा घेतला होता."

बाई शुद्धीवर होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे पाहत राहिली — रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर... नाही. ती एवढंच म्हणाली, "बापूले काही म्हणू नोका." संध्याकाळी गेली.

माझं ते एक वाक्य माझ्याआधी कारध्याला पोचलं. सोनाबाईला कुणी रोवणीला बोलावेना. बाईच्या मुली तिला पाहून दार लावून घेत. तेरवीच्या दिवशी ती मांडवात आली नाही, गल्लीतच उभी राहिली. मी बाहेर आलो तशी जवळ आली.

"बापू, तू शिकलेला हायेस. खरं सांग गा. माह्या काढ्यानं गेली का ते?"

मी म्हणालो, "असंल."

तिनं मान हलवली आणि घरी गेली. काही वर्षांनी वारली. तिच्या मयतीला बाईच्या घरून कुणी गेलं नाही. मीही नाही.

बाईच्या मुलींनाही आता नातवंडं झाली. आपल्या आईला सोनाबाईनं मारलं, असं त्या अजून मानतात. गेल्या दिवाळीतही थोरली तेच म्हणाली. मी समोरच बसलो होतो.