पुढे गेलेला भगत

लोकरीचा स्वेटर धुताना ओला वास नाकात शिरला आणि पाचोऱ्याजवळचं आमचं शेत आठवलं. कपाशी निघाली की भटके मेंढपाळ तिथे खतासाठी मेंढ्या बसवायला यायचे. त्यांचा म्हातारा भगत बोट दाखवेल तिकडे सगळे चालत. तो अंगारा फुंकून वावटळ वळवतो, असं आमचं गावही म्हणायचं. एका वर्षी तो तापाने फणफणला होता. सकाळी मी त्याच्यासाठी दूध घेऊन गेले, तर घोंगडी रिकामी होती आणि बांधाजवळच्या ताज्या उकरलेल्या मातीवरून त्याची माणसं दवाने भिजलेला कळप फिरवत होती, खूणसुद्धा उरू नये म्हणून. त्याची बायको कोरड्या डोळ्यांनी भाकरी थापत होती. "आमना भगत मरत नहीत, पुढे निंघी जातस," ती म्हणाली. मागे कुणी रडलं तर तो वळून बघतो आणि सगळ्यांची वाट चुकते, अशी त्यांची समजूत. तिने त्याच्याही वाट्याची भाकरी फडक्यात बांधली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "पोरी, तू घर जाईसनी रडी ले. मन्हा वाटानं बी." मी घरी येऊन दार लावून बसले, पण परक्या म्हाताऱ्यासाठी डोळ्यांत टिपूस येईना. ते लोक पुन्हा कधी आमच्या शेतात आले नाहीत. स्वेटर केव्हाच पिळून झालाय, आणि मी अजून बादलीपाशीच बसले आहे.