पोटुशीची सावली

सासूबाईंना नागीण झाली तेव्हा मला सातवा लागला होता. घाटकोपरच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नवरा आणि त्याची सायकल, आतल्या खोलीत मोरी, स्टोव्ह, सासूबाई आणि मी. मधे लाकडी फळ्यांची भिंत. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात मी एकटी कुठं गेले असेन तर पाण्याच्या नळापर्यंत.

नागीण म्हणजे डाव्या बरगडीखालून पाठीकडे गेलेला लाल पट्टा, त्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड. आग अशी की सासूबाईंना पदरसुद्धा सहन होईना. पण त्यांना आगीपेक्षा भीती वेगळीच होती. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेला वळसा घालून जुळलं की माणूस संपलं, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. त्यामुळे डॉक्टरचं नावही निघालं नाही. मागच्या गल्लीत नागीण उतरवणारा एक बाबा होता, त्याला बोलावलं.

त्यानं फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूच्या रेघा ओढल्या, म्हणजे नागिणीनं पुढं सरकू नये. मग त्याची नजर माझ्या पोटावर गेली आणि त्याचा चेहराच खुलला. पोटुशी बाईची सावली पडली की साप आंधळा होतो, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. बाबानं तेच नागिणीला लावलं. सुनेनं दिवा पाठीशी घेऊन बसायचं, सावली बरोबर फोडांवर पाडायची, आणि गेरूचा लेप तिच्याच हातानं द्यायचा. आंधळ्या नागिणीला स्वतःची शेपूट कशी सापडणार? तर्क बिनतोड होता. खोट एवढीच की तिथं साप नव्हता.

मी बसले. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. वर्षभर माझ्या भाकरीला नावं ठेवणारी बाई आता माझं मनगट धरून बसत होती. लेप लावताना फोड फुटायचे, बोटं ओली व्हायची, मी ती पदराला पुसायची आणि पुन्हा लावायची.

नागीण जुळली नाही. हळूहळू खपल्या धरल्या. चाळीतल्या बायका माझ्या सावलीचं कौतुक करून गेल्या. आणि ते कौतुक अजून ताजं असतानाच एका सकाळी मला ताप भरला, आणि दुपारी पोटावर, बेंबीच्या जरा वर, पाण्याचा एक फोड दिसला. संध्याकाळपर्यंत छातीवर, पाठीवर, केसांत.

सासूबाईंनी बघितलं आणि हात जोडले. "देवी इली," म्हणाल्या.

झालं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद, आंघोळ बंद. देवी आलेल्या खोलीत एकाच बाईनं जायचं, म्हणजे सासूबाईंनी. नवऱ्यानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. खोलीला एक खिडकी होती, ती वारं लागेल म्हणून बंद. धड पडताही यायचं नाही, पाठीवर पडलं की पोटाचं ओझं आणि कुशीवर पडलं की फोड. अंगाची खाज इतकी की मी कडुलिंबाच्या पाल्यानं स्वतःला झोडपत होते. बाहेर नळावरची भांडणं ऐकू यायची आणि मला त्या भांडणाऱ्या बायकांचा हेवा वाटायचा.

पण खाज सहन होत होती. सहन होत नव्हती ती पोटातली शांतता. पोर हललं की मी श्वास सोडायची, थांबलं की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. मी डॉक्टर मागितला. सासूबाई म्हणाल्या, देवी आपसूक जातली, तिका सुई टोचूची नाय. मी रोज मागत राहिले, त्या रोज तेच म्हणत राहिल्या, आणि नवरा फळ्यांच्या पलीकडे घसा खाकरत राहिला. त्या खाकरण्याचा मला इतका राग यायचा की मी तापातही दात खायची.

मग खोकला लागला, आणि एक दिवस श्वास अर्ध्यातच अडायला लागला. मी फळीवर हात आपटला.

"मला श्वास घेता येत नाहीये. तुमच्या आईला कळत नाही, तुम्हाला तरी कळतंय का?"

फळ्यांच्या पलीकडे चपला सरकल्या. मग जिना उतरल्याचा आवाज आला.

नाक्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली, पोट तपासलं, आणि सासूबाईंना विचारलं की घरात आणखी कुणाच्या अंगावर फोड आले होते का. सासूबाईंनी सावलीची सगळी हकिगत सांगितली, चांगली अभिमानानं. डॉक्टर ट्रंकेवर टेकले.

त्यांनी जे सांगितलं ते मला पुरतं समजायला पुढं बरीच वर्षं लागली. माझ्या अंगावर देवी नव्हती, कांजिण्या होत्या; आणि कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच. सासूबाईंना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, पण विषाणू गेलाच नव्हता. तो पाठीच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी जाऊन गप्प बसला होता. पागडीचा भाडेकरू, डॉक्टर म्हणाले, एकदा आत शिरला की निघायचं नाव नाही. म्हातारपणी अंगातला जोर ओसरला तसा तो जागा झाला आणि एका नसेवरून कातडीपर्यंत उतरला, म्हणून तो पट्टा. फोडांतल्या पाण्यात तोच भरलेला, आणि लेप लावणाऱ्या मला कांजिण्या कधी आलेल्याच नव्हत्या. आमचं माहेरचं घर आडवाटेला, वाडीपासून लांब. तिथं माणसंच येत नव्हती तर कांजिण्या कुठून येणार? हा विषाणू म्हणजे स्वतःचा थोडासा डीएनए आणि वर एक वेष्टण. तो आपल्या पेशीच्या केंद्रकात घुसतो आणि पेशीचाच कारखाना, पेशीचाच माल वापरून आपल्या नकला काढतो. पेशी मरते, नकला शेजारच्या पेशीत.

सासूबाईंनी एकच विचारलं. "आणि पोटातला पोर?"

"बाहेर आल्यावर कळेल," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी औषधं दिली, धाप वाढली तर लगेच हॉस्पिटलात न्या म्हणाले, आणि जाताना खिडकी उघडून गेले. माझा खोकला हळूहळू बसला. पण खपल्या पडेपर्यंत आम्ही दोघी त्याच खोलीत होतो. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं, माझ्या पोराला काही झालं तर मी या घरात राहणार नाही. त्यांनी मान हलवली आणि पेज निववत बसल्या.

मुलगी झाली. दुपटं सोडून सासूबाईंनी तिला उजेडात धरलं, मानेखालची, मांडीची एकेक वळी उलगडून बघितली. "काय नाय. स्वच्छ आसा," म्हणाल्या आणि खाली बसल्या. माझाही जीव भांड्यात पडला. आमच्यातलं सगळं तिथंच मिटलं असं मी धरून चालले.

पोरगी चालायला लागली तेव्हाची गोष्ट. आंघोळ घालताना सासूबाईंना तिच्या पाठीवर एका बाजूलाच फोडांची ओळ दिसली. या खेपेला त्यांनी बाबाचं नावही काढलं नाही. पोरीला टॉवेलात गुंडाळून त्याच माझ्यापुढे नाक्यावर निघाल्या.

डॉक्टरांनी पाठ बघितली. हिला कांजिण्या कधी आल्या होत्या, असं विचारलं. कधीच नाही, मी म्हटलं. चाळीत साथ आली की मी तिला दाराबाहेर सोडत नसे.

त्यांनी पोरीचा टॉवेल सावरला. मग म्हणाले, "येऊन गेल्या. तुमच्या पोटात असताना."

नागीण साधी आहे, चार दिवसांत सुकेल, घाबरू नका, असं ते पुढं सांगत होते. सासूबाई बाकावर बसून पोरीची पाठ फुंकत होत्या. मी तिथं उभीच राहिले. त्या खोलीचं सगळं मला पाठ होतं, ती खाज, तो अडलेला श्वास, ती बंद खिडकी, आणि ते मी माझं म्हणून कितीजणींना सांगितलं होतं. त्याच दिवसांत माझ्या आत हिच्याही अंगाची आग होत होती. मी डॉक्टर मागू तरी शकले होते.