तक्त्यातली चौथी ओळ

जो आधी आला, त्याचा क्रमांक आधी. या एका नियमावर माणसांचं जग उभं आहे. हे वाक्य माझं आहे. दत्ताराम खलाशाच्या बढतीच्या अर्जात शेवटच्या परिच्छेदात मी ते घातलं होतं. साहेबांनी त्याखाली लाल शाईने रेघ ओढली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. रेघ कौतुकाची होती की संशयाची, हे मी विचारलं नाही. सहा आठवड्यांपूर्वी एका रविवारी सकाळी मी कोलंबी सोलत बसलो असताना लाँचवरच्या मुजफ्फरचा फोन आला. "दत्तामामा गेले, भाऊ... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. मला आधी दुःख झालं, असं लिहिता आलं असतं तर शोभलं असतं. आधी भीती वाटली. ती गोष्ट ठाऊक असलेली तिघं होतो, आता दोघं उरलो, असा तो विचार होता. दुःख दुपारी आलं, जेवण झाल्यावर.

युनियनच्या खोलीत शोकसभा झाली. दत्ताला कधीही न पाहिलेल्या नव्या साहेबांनी त्याच्या निवृत्तीच्या वेळचं प्रमाणपत्र वाचून दाखवलं : संपूर्ण सेवेत एकही अपघात नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मुजफ्फर आणि मी पंख्याकडे पाहत राहिलो.

आमच्या खात्याची एक लाँच खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर माणसं नेते. तिचं सुकाणू ज्याच्या हातात, तो सारंग. दोर फेकणारे, बांधणारे, पाणी उपसणारे ते खलाशी. मी या तीरावरच्या कचेरीत कारकून होतो आणि युनियनचा सेक्रेटरी. बारा वर्षांपूर्वी सारंगाची जागा रिकामी झाली, तेव्हा दत्ताची खलाशी म्हणून सव्वीस वर्षं झाली होती आणि मुजफ्फरची नऊ. मुजफ्फर दर्यावर्दी घरातला. वडील आखाती जहाजांवर होते. खात्याच्या परीक्षेत तो पहिला आला होता आणि लाँच धक्क्याला अशी लावायचा की हातातल्या ग्लासातला चहा हलू नये. साहेब म्हणाले, गुणवत्ता बघू. आम्ही म्हणालो, ज्येष्ठता. याला कारण होतं. त्याआधी आमच्या खात्यात दोनदा गुणवत्ता बघितली गेली होती, आणि दोन्ही वेळा ती साहेबांच्या घरी हापूसच्या पेट्या पोचवणाऱ्यांतच सापडली होती. ज्येष्ठतेत वशिला चालत नाही. कॅलेंडरला कोणी आंबे देत नाही. हे मी आजही मानतो. अडचण एवढीच की या वेळी गुणवत्ता खरी होती. मुजफ्फर मला धक्क्यावर गाठून म्हणाला, "भाऊ, मामांचा नंबर आहे, मी काय भांडत नाय. पण खाडीला नंबर कळत नाय." मी त्याला युनियनचं एक पत्रक दिलं. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ज्येष्ठतेचा मान राखा!

आम्ही जिंकलो. हुकूम निघाला, फक्त खाली एक ओळ होती : दृष्टी तपासून घेण्याच्या अटीवर. दुसऱ्या दिवशी दत्ता माझ्या टेबलापाशी आला आणि उभाच राहिला.

"सेक्रेटरी, एक बारीक काम हाय. डोळ्याचं."

"काय डोळ्याचं?"

"लांबचं धुकट दिसतंय. जवळचं पण जरा धुकटच."

"मग दिसतं काय तुला?"

"खाडी दिसते ना! ती पुरे."

मी म्हणालो, मोतीबिंदू असेल, काढून घे. दत्ता भर पावसात, उधाणाच्या पाण्यात, लाँचच्या पंख्यात अडकलेला दोर सोडवायला सूर मारणारा माणूस. पण चेहरा पांढरा पडला त्याचा. "डोळ्यात सुरी घालायची? आधी तुझ्या डोळ्यात घाल, मी बघतो काय होतंय." तपासणीला आठ दिवस होते. मला त्याच सुमारास चष्मा लागला होता. खात्याच्या यादीवरच्या ज्या डॉक्टरांकडे त्याला जायचं होतं, त्यांच्याकडेच मी गेलो, आणि खोलीत कोणी नसताना भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उतरवून घेतला. हाताशी कागद नव्हता म्हणून पत्रकाच्या पाठीवर. मग आठ दिवस दुपारच्या सुट्टीत आम्ही धक्क्यावर बसून पाठांतर केलं. मी वाचायचो, तो म्हणायचा. तपासणीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. आतून दत्ताचा आवाज आरतीसारखा चढत होता. डॉक्टरांनी "खालची ओळ" म्हणायच्या आत तो तिच्यात पोचलेला असायचा. प्रमाणपत्रावर शेरा आला : दृष्टी उत्तम. आम्ही भजी खाल्ली. ज्येष्ठतेचा विजय झाला होता, आणि भजीही गरम होती.

पुढच्या सोमवारी, लखलखीत दुपारी, तो धक्क्यावर उभा होता. मी दहा पावलांवरून हात वर केला. त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं, हसला नाही, आणि विचारलं, "कोण ते?"

तोवर मी समजत होतो की सगळ्यांचेच डोळे थोडे अधू असतात, कागदोपत्री काय फरक पडतो. आता त्या लाँचवर रोज साठ माणसं चढताना मला दिसायची : मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, मास्तर. त्या मास्तरांत माझी बायको होती. सुनंदा पलीकडच्या शाळेत शिकवायची आणि साडेपाचच्या लाँचने परत यायची. बरोबर त्या वेळी, जेव्हा सूर्य खाडीच्या तोंडाशी उतरतो आणि चांगल्या डोळ्यांनाही पाणी म्हणजे नुसता पत्रा दिसतो. साडेपाचला माझ्या हातून टाइपरायटरवर एकही ओळ नीट उतरत नसे. लाँचचा भोंगा वाजेपर्यंत मी खिडकीत. एकदा धीर करून तिला म्हणालो, "तू बसने येत जा."

"बसला दीड तास लागतो. लाँचला वीस मिनिटं. तुम्हाला झालंय काय?"

"काही नाही... हवा चांगली नसते."

"खाडीवरची? आणि बसमधली चांगली?"

खरं उत्तर एकच होतं, आणि ते सांगितलं तर माझी नोकरी, युनियनची अब्रू आणि यादीतल्या पुढच्या सगळ्यांचा हक्क एका वाक्यात बुडाला असता. साहेब म्हणाले असते, बघा तुमची ज्येष्ठता. म्हणून मी गप्प राहिलो. मी त्याला तत्त्व म्हणत असे. दत्ताला एकट्याला गाठून विनवलं, तर तो म्हणाला, "सव्वीस वर्षं याच पाण्यावर हाय मी. खाडी पाठ हाय मला." आणि ते खरं होतं, हीच तर भीती होती. पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी रेती सरकते. जिथे खोल पाणी होतं तिथे उथळ होतं. दत्ताला पाठ होती ती गेल्या वर्षीची खाडी.

पावसाळ्याची बंदी उठून लाँच पुन्हा सुरू झाली, तो पहिलाच आठवडा. खिडकीत उभं राहणं मला सोसेना, म्हणून मी चारच्या लाँचने पलीकडे गेलो आणि सुनंदाबरोबर साडेपाचच्या लाँचमध्ये बसलो. बुडायचं तर दोघं, असा काहीसा उदात्त विचार होता. पण पहिल्या हेलकाव्याला मी बाकाची कड इतकी घट्ट धरली की नंतर बोटं सोडवावी लागली. सूर्य समोर होता. दत्ता सुकाणूवर ताठ, टोपी घातलेला, डोळे मिटलेल्या माणसासारखा शांत. मुजफ्फर पुढच्या टोकाला उभा होता. त्याने पाण्याकडे पाहिलं, एकदा वळून दत्ताकडे पाहिलं. मग तो धावला नाही. लोकांच्या टोपल्यांमधून, पाय जपून टाकत, चालत मागे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुम्ही चहा घ्या. मी धरतो."

लाँचवर चहा नव्हता. दत्ताने विचारलं, "रेती हाय काय रे?"

"हाय, मामा."

"किती लांब?"

"धरू द्या, मामा."

दत्ताने हात सोडले. मुजफ्फरने सुकाणू फिरवलं तेवढ्यात खालून खरवडल्याचा आवाज आला, लांबलचक... लाँच कलली, टोपल्या घसरल्या, कोणीतरी देवाचं नाव घेतलं आणि मी सुनंदाच्या दंडाला नखं रुतवली. मग इंजिन उलटं घुरघुरलं, आणि आम्ही रेतीवरून मागे सुटलो. कोणाला खरचटलंही नाही. पहिली बोलली ती एक मासळीवाली : "मेल्यांनो, माझी सुरमई गेली असती ना परत खाडीत!" सगळे हसले. दत्ता मात्र बाकावर बसून आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होता. तेवढ्या अंतरावरचे तरी ते त्याला दिसत होते की नाही, कोण जाणे.

चौकशीत मुजफ्फरने लिहून दिलं : लाँच रेतीला लागली तेव्हा सुकाणू माझ्या हातात होतं. वाक्य खरं होतं. त्याला लेखी ताकीद मिळाली आणि ती त्याच्या सेवापुस्तकात गेली. ताकीद टाइप केली मी. एकही चूक झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी दत्ता कचेरीत आला. "चल सेक्रेटरी, कुठे ती सुरी घालतात तिथे." ऑपरेशन कोल्हापूरला झालं. टेबलावर नेईपर्यंत त्याने माझं मनगट सोडलं नाही, आणि मी धीर देतोय की घेतोय हे मला कळत नव्हतं. पट्टी निघाली त्या सकाळी नर्सबाई म्हणाल्या, "काका, वाचा बरं." दत्ता लगेच सुरू झाला, खणखणीत, वरपासून खालपर्यंत. नर्सबाई थांबल्या. "काका, मी दिवा अजून लावलेला नाही."

रजा संपवून कामावर रुजू होण्यासाठी त्याला पुन्हा आमच्याच डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणावं लागलं. तो जुना तक्ता त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बाहेर आला तो हसतच. "सेक्रेटरी, चौथ्या ओळीत भ हाय. तू मला म दिला होतास." माझ्या घाईत तेवढं निसटलं होतं. म्हणजे पहिल्या तपासणीत तो डॉक्टरांसमोर मोठ्याने चुकला होता, आणि तरी दृष्टी उत्तम. आम्ही हसलो खरे... पण मला त्या दिवशी अधिकच भीती वाटली. आपण फसवलं असं समजत होतो. खरं म्हणजे तिथे कोणी बघतच नव्हतं.

लाँच पुन्हा सुरळीत चालू लागली. दत्ताला आता दिसत होतं, तरी सुकाणू बहुतेक वेळ मुजफ्फरच धरायचा, आणि हा शेजारी उभा राहून खाडी सांगायचा. मग एकदा दत्ता म्हणाला, "त्या पोराची ताकीद माझी हाय. तू लिही, मी सही करतो." मी म्हणालो, चौकशी होईल, डोळ्यांचं निघेल, तक्त्याचं निघेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, आता स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्यांनी, आणि "बरं" म्हणाला. पुन्हा कधी विषय काढला नाही. तो निवृत्त झाल्यावर मुजफ्फर सारंग झाला. ज्येष्ठतेनेच. आता निरीक्षकाची जागा निघाली आहे. ती म्हणे गुणवत्तेवर भरणार आहेत, आणि सेवापुस्तकातली ताकीद आड येते आहे.

मालगुंडच्या अलीकडे दत्ताची वाडी आहे. तेराव्यानंतर गेलो, तेव्हा वहिनींनी सारंगाची टोपी आणून समोर ठेवली. तिच्या अस्तरात एक पाकीट होतं. आत दत्ताच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात सगळी हकिकत, खाली सही, आणि मागे टाचलेलं ते पत्रक. चौथ्या ओळीतला म खोडून वर भ केलेला. पाकिटावर लिहिलं होतं : सेक्रेटरीला विचारून पाठव. तो भितो.

"पाठवू काय?" वहिनींनी विचारलं. "माझी पेन्शन थांबवतील?"

"नाही. तुमची नाही... बहुतेक."

"मग तुमची?"

मी पाणी मागितलं. त्या आत गेल्या, तेवढ्या वेळात टोपी उलटसुलट करून पाहिली. अजून खोबरेल आणि डिझेलचा वास होता. त्या परत आल्यावर मी म्हणालो, "मीच पाठवतो." मुजफ्फरची ताकीद रद्द करावी असं माझ्या सहीचं एक पत्र वर जोडून दुसऱ्या दिवशी खात्याला रजिस्टर केलं. पोस्टातल्या बाईंनी दोनदा विचारलं, काका, बरं वाटत नाही का. रात्री सुनंदाला सगळं सांगितलं. मग तिने बाही वर करून दंड पुढे केला आणि म्हणाली, "नखांचे वण आठ दिवस होते. मी विचारलं नाही, तुम्ही सांगाल म्हटलं."

रोज साडेपाचला मी अजून उठून उभा राहतो. आता निवृत्त झालोय, घरी खिडकीतून खाडी दिसत नाही, तरीही. गेल्या आठवड्यात खात्याचं उत्तर आलं, दोन ओळींचं. आलेल्या अर्जांचा विचार ते ज्या क्रमाने आले त्या क्रमाने करण्यात येईल. सोबतचं पत्रक विषयाशी संबंधित नसल्यामुळे परत करण्यात येत आहे.