मी निवडलेला क्लच

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानेसरच्या आमच्या कारखान्यात नुकताच डबा उघडून बसलो होतो. शीलावहिनी एवढंच म्हणाल्या, "सुधीरभाऊ, हे गेले हो..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आजारी होते का?" दोन वर्षं मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो, मला कुठून ठाऊक असणार! ज्या माणसानं मला दिल्लीत आल्या आल्या सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आठ महिने ठेवून घेतलं, जेवू घातलं, त्याच्याशी मी अबोला धरला होता; आणि तोही एका गाडीपायी. पाच आठवडे झाले, माझी मलाच लाज वाटते.

मधुभाऊ मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. माणूस सरळमार्गी, पण एक खूळ होतं. लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक जुना ट्रक घेतला होता. चारही चाकांनी ओढणारा, चिखल-डोंगर न जुमानणारा, मागे समोरासमोर बाकं असलेला. वहिनी त्याला 'माझी सवत' म्हणायच्या. दर संक्रांतीला भाऊ आम्हा दिल्लीतल्या मराठी मंडळींना त्यात कोंबून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला न्यायचे. खात्यातले लोक, त्यांची बायकापोरं, गावाकडून आलेली स्पर्धा परीक्षेची मुलं... नमस्कार करून झाला की ट्रकच्या फळीवरच तिळगूळ वाटायचा. स्टीअरिंग मात्र कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. "हिला माझ्या पायाची सवय आहे यार," म्हणायचे.

मग एकदा अरवलीच्या चढावर इंजिन नुसतंच बोंबललं, गाडी जागची हलेना आणि जळका वास सुटला. क्लच संपला होता. तेव्हा परदेशी कंपन्या नव्यानं येऊ लागल्या होत्या, गुडगावच्या शेतांत सेक्टर पडत होते आणि मी क्लच-प्लेटा बनवणाऱ्या कारखान्यात चिकटलो होतो. म्हणजे काय, माकडाच्या हाती कोलीतच! मी भाऊंना काश्मिरी गेटच्या बाजारात घेऊन गेलो. काउंटरवर दोन खोकी उघडी पडली होती. एकात मूळचा साधा क्लच. दुसऱ्यात हेवी ड्यूटी, जाड स्प्रिंगांचा, दुप्पट दाबाचा. दुकानातले सरदारजी मिस्त्री म्हणाले, "साहबजी, ये पकड़ेगा तो तगड़ा, पर पैडल पत्थर हो जाएगा. सादा डाल लो, आराम से चलेगा." मी त्यांनाच व्याख्यान झोडलं. बारा माणसांचं वजन, चढाचा कोन, टायरांचा आकार, सगळं कागदावर मांडून दाखवलं. भाऊ ती प्लेट दोन्ही हातांत फिरवत उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "पायाला फार जड जाईल का रे?" मी म्हणालो, "भाऊ, म्हातारे झालात की काय! लष्कराच्या गाडीला असला नाजूक क्लच शोभतो का?" ते हसले. "तू म्हणशील तसं. घरात वैद्य असताना बाहेर कशाला विचारायचं?"

आदल्याच वर्षी ते स्कूटरवरून पडले होते. डावा गुडघा मोडला होता. प्लास्टर काढायला त्यांना दवाखान्यात कुणी नेलं होतं? मीच! क्लच दाबायचा तोही डाव्याच पायानं. मी ट्रकचं सगळं वजन मोजलं आणि चालवणाऱ्याचा गुडघा विसरलो. ह्याला इंजिनिअर म्हणायचं!

क्लचनं मात्र गाडी अशी ओढली की काय सांगू. मी प्रत्येक संक्रांतीला सगळ्यांना ऐकवायचो, "बघा, कुणी निवडलाय!" भाऊ मान डोलवायचे. पुढे ते निवृत्त होऊन गुडगावच्या नव्या घरात राहायला गेले. तिथून पानिपतला जायचं तर अख्खी दिल्ली ओलांडायची; रस्ता जागोजागी खणलेला, पुलांची कामं, गाड्यांच्या रांगा. इंचाइंचाला क्लच दाबायचा. मग एका वर्षी म्हणाले, "यंदा पानिपत नको रे." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. चारचौघांत बोललो, "बंगला झाला, आता आम्हाला कोण विचारतंय!" भाऊ "तसं समज," म्हणाले... मी तिथून उठलो तो परत गेलोच नाही.

आता भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी सगळं सांगितलं. गुडघा पार गेला होता. डॉक्टर दोनदा म्हणाले, गाडी सोडा, नाहीतर क्लच बदला. "मीही म्हटलं, बदला. तर म्हणे, सुधीरनं एवढ्या हौसेनं निवडलाय, त्याला वाईट वाटेल."

"अहो, मग मला सांगायचं ना!" मी ओरडलो. त्या घरात, अशा वेळी, त्यांच्यावर ओरडलो.

"कुणाला सांगू?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही येत होतात का?"

मी उठून पोर्चमध्ये गेलो, ट्रकमध्ये चढलो. सीटवर जुन्या गोधडीची घडी घालून शिवलेली एक टणक उशी होती. कमरेमागे तिचा टेका घेऊन भाऊ पेडल दाबत असणार. मी ती पाठीशी घेतली आणि क्लच खाली नेला. सिग्नलला धरतात तसा धरून ठेवला. मिनिटभरात माझी मांडी लटपटायला लागली, आणि माझे दोन्ही गुडघे धड आहेत. मला रडू आलं. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणालो, "वहिनी, उद्याच हा काढतो. साधा बसवतो."

"नका काढू," त्या शांतपणे म्हणाल्या. "सात वर्षं त्यांनी दाबला. आता थोडे दिवस तुम्ही दाबा." आणि आत निघून गेल्या.

तेव्हापासून दर रविवारी गुडगावला जातो. ट्रक उभा राहून खराब होऊ नये म्हणून सुरू करतो, सेक्टरला एक फेरी मारतो. वहिनी कधी बाहेर येतात, कधी येत नाहीत. चहा मात्र ठेवलेला असतो. फाटकाशी येऊन थांबलो की गिअर न काढता क्लच तसाच दाबून धरतो. पाय थरथरायला लागतो. थरथरू दे लेकाचा.